शून्याकडचं टोक

"शून्य?" मी वॉर्डाच्या दारातून ओरडले.

"शून्य," पलीकडच्या टोकाकडून उत्तर आलं.

मी टेप ताणला, उंबऱ्याशी धरला आणि वाचला. "शहाण्णव फूट चार इंच."

"शहाण्णव फूट चार इंच," तिकडून आकडा परत आला. आवाज जरा बारीक वाटला, पण रिकाम्या वॉर्डात आवाजाचं काहीही होतं. मी वहीत आकडा लिहिला आणि म्हणाले, "सोडा, मामा."

टेप सुटला नाही. मी पुन्हा सांगितलं, हलकेच ओढून पाहिलं. पलीकडे कुणीतरी घट्ट धरून बसलं होतं.

हा चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे अकरा. मी सव्वीस वर्षांची होते आणि पोतनीस साहेबांच्या ऑफिसात नकाशे काढत होते. हजेरीपटावर माझ्या नावापुढे 'ड्राफ्ट्समन' असंच लिहिलेलं होतं. साहेबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि पगार वेळेवर मिळत होता तोवर मलाही नव्हतं. गावाबाहेरचा साथीचा दवाखाना एका बिल्डरने घेतला होता आणि तो पाडून तिथे 'निरामय पार्क' नावाच्या तीन इमारती उठणार होत्या. त्याआधी जुन्या बांधकामाचा मोजणी नकाशा नगरपालिकेत द्यायचा होता, आणि तो मी काढत होते. सोमवारी दुपारी जेसीबी यायचा होता.

दवाखाना काळ्या दगडाचा, मंगलोरी कौलांचा, इंग्रजी अमदानीतला. प्लेग, पटकी, देवी, ज्या ज्या रोगाला गाव घाबरलं त्याचे रोगी इथे आणून टाकले. पुढे देवी गेल्या, दवाखाना बंद झाला. मग तिथे निवडणुकीच्या पेट्या ठेवल्या, मग डीडीटीची पोती, मग काहीच नाही. खिडक्यांना पत्रे ठोकलेले, त्यामुळे आत भर दुपारीही संध्याकाळ असायची. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला दिसायचा नाही. म्हणून मोजताना सगळं ओरडून करायचं.

ओरडायचीही रीत होती आणि ती मला हत्तरकीमामांनी शिकवली होती. टेपची डबी ज्याच्या हातात, तो विचारणार, "शून्य?" टेपच्या शून्याकडच्या टोकाची कडी ज्याच्या हातात, तो ती भिंतीला टेकवून सांगणार, "शून्य." मग डबीवाला आकडा वाचणार, शून्यवाला तोच उलट म्हणणार. आणि डबीवाल्याने 'सोड' म्हटल्याशिवाय शून्यवाल्याने हात काढायचा नाही, मग वर कौल पडो की पायाखाली साप येवो. ऑफिसातली पोरं याची टिंगल करायची. पण मामांच्या मोजणीत कधी अर्ध्या इंचाचा फरक पडला नाही.

ईराप्पा हत्तरकी तेव्हा पन्नाशीचे होते. वडील सरकारी मोजणीत साखळी ओढायचे, मामा आमच्याकडे टेप धरायचे. एकच खोड होती. त्यांनी पंचवीस वर्षांत डबी कधी हातात घेतली नाही, कायम शून्याकडचं टोक. एकदा साहेबांनी रागाने डबी त्यांच्या हातात कोंबली, तर ती खाली ठेवून मामा सायकलवर बसले आणि थेट घरी गेले. तीन दिवस आले नाहीत. तेव्हापासून त्यांना कुणी विचारलं नाही.

दवाखान्याचं काम मात्र त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. गुरुवारी, पहिल्याच दिवशी, फाटकातून आत शिरताना त्यांनी चप्पल काढली. मी म्हटलं, "मामा, काटे आहेत." तर म्हणाले, "बाई, माजी भन हाय हितं."

सांगितलं ते एवढंच. त्रेपन्न सालच्या साथीत बहिणीला देवी आल्या. गवरव्वा नाव, सात वर्षांची. मामा नऊ वर्षांचे. नगरपालिकेची गाडी घरी येऊन तिला घेऊन गेली आणि पाचव्या दिवशी नुसता निरोप आला. प्रेत दिलं नाही, जागा दाखवली नाही. साथीत कुणालाच दाखवत नव्हते.

"आमच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात," मामा म्हणाले. "बसवून पुरत्यात. जाळली असती तर गेली म्हनून सोडलं असतं. पन पुरलीया म्हंजे कुटंतरी हाय. आई एकेचाळीस वरसं इचारती, ईरा, कुटं बसवलं रं तिला? आता सोमवारी मशिन आलं की सगळंच उकरनार. त्याच्या आदी मला तेवडी जागा घावली पायजे. आई जाऊन दोन फुलं ठेवंल. लई म्हातारी झालीया."

दोन दिवस आम्ही आवार धुंडाळलं. मोजता मोजता मामा प्रत्येक चौथरा हाताने चाचपत होते. नगरपालिकेत जुना नकाशा मागितला, तर वाळवीने खाल्लेला पुठ्ठा समोर ठेवला. काही सापडलं नाही. शनिवारी सकाळी फक्त हा मोठा वॉर्ड राहिला होता.

तर टेप सुटेना. मी चिडले. मामांना झोप लागली की काय म्हणून डबी तशीच उंबऱ्यावर ठेवली आणि बाहेरून वळसा घालून मागच्या दाराकडे निघाले. कोपऱ्यावरच्या हापशावर मामा तोंड धूत होते.

मी जागच्या जागी थांबले. "तुम्ही इथे कधी आलात?"

"दहा मिन्टं झाली की. डोळ्यात चुना गेला, बाई. कडीवर वीट ठिवली आनि आलो. तुमाला हाक मारली हुती की मी."

"आत्ता शून्य कोण म्हणालं?"

मामांनी शर्टाने तोंड पुसलं. "कोन म्हनालं?"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण मामा थट्टा करणाऱ्यातले नव्हते, आणि त्यांच्या डोळ्यांतून खरंच घळाघळा पाणी येत होतं. मी म्हटलं, "चला, बघू."

बाजूच्या भिंतीतल्या मागच्या दाराने आत गेलो. मी बॅटरी लावली. वॉर्डाच्या टोकाला भिंत होती, गिलावा केलेली, सरळ. वीट होती, पण बाजूला सरकवलेली. कडी तिथे नव्हती. वॉर्ड धुतल्याचं पाणी जावं म्हणून भिंतीच्या कडेने फरशीत नाली होती, आणि नालीला भिंतीखालून विटेएवढं भोक. पोलादी टेप नालीतून सरळ जाऊन त्या भोकात शिरला होता. भिंतीशी आकडा होता बारा फूट सहा इंच. म्हणजे साडेबारा फूट टेप भिंतीच्या पलीकडे होता.

"पलीकडे काय आहे, मामा?"

"काय न्हाई. भाईर आवार हाय की."

मी वाकून टेप धरला आणि ओढला. तो आला नाही. कुठे अडकला असता तर हिसका लागला असता, तसं नव्हतं. जरा आला आणि तेवढाच परत गेला.

मामांनी माझं मनगट पकडलं. पंचवीस वर्षांत त्या माणसाने कुणा बाईमाणसाला स्पर्श केला नसेल. "ओडू नका, बाई. टेपची कड हाताला कापती."

"कुणाच्या हाताला?"

मामांनी माझी बोटं टेपवरून अलगद सोडवली.

मी शास्त्राची पदवीधर, अंगारे-धुपारे मानणाऱ्या घरातली नव्हे. घाबरले की मी मोजायला लागते. कापडी टेप काढला आणि वॉर्ड बाहेरून मोजला, दोन टप्प्यांत. शंभर फूट चार इंच. दोन्ही टोकांच्या भिंती दोन-दोन फुटी, त्या वजा केल्या. शहाण्णव फूट चार इंच. वहीत आधीच लिहिलेला आकडा, तंतोतंत. आणि वॉर्ड आतून उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत त्र्याऐंशी फूट दहा इंच. मधली भिंत दीड फुटी धरली तरी अकरा फूट उरत होते. टोकाच्या बाहेरच्या भिंतीवरचा वेल मामांनी बाजूला केला. दगडी कमान निघाली, विटा घालून बुजवलेली आणि वरून चुना फासलेली. अकरा फुटांची खोली होती आणि तिला दार ठेवलेलं नव्हतं.

मामा कमानीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या आईला आनू का, बाई?"

"आणा."

"टेप तसाच ऱ्हाऊ दे. डबी बांदून ठिवा दाराला. ढिला पडू देऊ नका." मग निघताना म्हणाले, "आनि सायबास्नी सांगू नका."

मी सांगितलं. ही माझी चूक. संध्याकाळी ऑफिसात साहेबांनी नकाशा कुठवर आला विचारलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. आवाजाचं बोलले नाही, खोलीचं बोलले. मला वाटलं, साहेब म्हणतील, उघडून बघू.

पोतनीस साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुंभोजकर, बिल्डरने लिहून दिलंय की जागेत थडगं, दफनभूमी, देऊळ, काहीही नाही. खाली माझी सही आहे."

"पण खोली आहे, साहेब. आत काय आहे ते आपल्याला माहीत नाही."

"माहीत नाही ना? मग खोली कशावरून?" त्यांनी पेन्सिल उचलून माझ्या नकाशावर रेघा मारल्या. "भिंत आहे. जाड. जुन्या लोकांची बांधकामं अशीच असायची. भरीव दाखव आणि सोमवारी दहाला नगरपालिकेत टाक. माझी सही खाली केलेलीच आहे."

"दोन्ही भिंती आणि खोली मिळून साडेचौदा फूट जाड भिंत?"

"पाडल्यावर कोण मोजायला येतंय?"

मी ती भिंत रात्रीआधी पुरी केली. आमच्या धंद्यात याला 'जुळवून घेणं' म्हणतात. आकडा बसत नसला की भिंत थोडी जाड करायची, बेरीज बरोबर येते. दोन इंचांसाठी सगळेच करतात. मी साडेचौदा फुटांसाठी केलं. एकेक तिरपी रेघ ओढत ती खोली दगडाने भरून टाकली. घरी जाऊन जेवले नाही. आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

रविवारी सकाळी नऊ वाजता मामा रिक्षातून आईला घेऊन आले. नागव्वा आजी, वाळून मूठभर झालेली, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळाला विभूती. एका कानाने ऐकूच येत नव्हतं, दुसऱ्याने मर्जी असेल तेव्हा. हातात पाण्याचा तांब्या, ओच्यात झेंडूची फुलं. आवारात आल्यावर तिने माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोन डाक्टरीन का?"

"न्हाई अव्वा, मोजनीच्या बाई."

"बरं हाय. मोजा," आजी म्हणाली.

टेप काल ठेवला तसाच होता. ताणलेला. रात्रभर तो कुणी धरून ठेवला असेल याचा विचार मी टाळत होते. आजीला भिंतीशी पोत्यावर बसवलं. तिने भोकापाशी फुलं ठेवली, विभूती लावली आणि निवांत बसून राहिली. मामा गुडघ्यांवर आले, भोकापाशी तोंड नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सोड, गवरे."

काही झालं नाही.

"सोड ग. झालं आता. सोड."

मामा म्हणत राहिले. दहा वेळा, वीस वेळा. मग त्यांचा आवाज फुटला आणि ते तिथेच कपाळ भिंतीला टेकून बसले. टेपला मी बोट लावून पाहिलं. ताण तसूभर कमी झाला नव्हता.

मला पळून जावंसं वाटत होतं. तरीही तोंडातून निघालं ते धंद्यातलंच. "मामा, अशी रीत नाही. तुम्हीच शिकवलीत. शून्याजवळ बसून सोड म्हणून चालत नाही. डबीकडून विचारावं लागतं, आकडा वाचावा लागतो, मग सोड."

"तुमी म्हना."

"काल मी म्हटलं होतं. माझं ऐकलं नाही."

मामांनी मान हलवली. "मी डबी धरत न्हाई, बाई."

"का पण? एवढी पंचवीस वर्षं..."

"धरत न्हाई म्हनलं न्हवं!"

आजीने मान वळवली. तिला किती ऐकू आलं कोण जाणे. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले, फरशीशी बोलल्यासारखे.

"बा साखळीवर असायचा. आमाला त्यानं खेळाया दोरी दिली हुती, वीत वीत अंतरावर गाठी मारून. एका टोकाला फास, दुसरं टोक तंबाकूच्या डबीत. मी मोटा म्हनून डबी माजी. ती शून्याकडं. अंगावर फोड उटलं आनि ताप उतारला, तवा आईनं तिला घरामागं परड्यात लपीवली हुती, गाडीवाल्यास्नी दिसू नये म्हनून. पन ती कंटाळली. मला म्हनाली, दादा, मोजूया. मी तिला भाईर आनली. मीच आनली, बाई. ती गल्लीच्या भिताडापाशी उबी ऱ्हायली, मी गुरांच्या गोट्यात. शून्य म्हनालो. तीबी शून्य म्हनाली. आनि तेवड्यात गाडी वळली."

"मग?"

"तिनं फास सोडला न्हाई. मानसं तिला उचलाया लागली तरी दोरी घट धरून माज्याकडं बगत हुती, मी सोड म्हनायची वाट बगत. मी डबी टाकली आनि कडब्यात जाऊन लपलो. मला वाटलं, मलाबी नेतील. दोरी तिच्यासंगंच गेली." मामांनी नाक पुसलं. "आईला वाटतं, कुनी शेजाऱ्यानं चुगली केली. एकेचाळीस वरसं ती शेजाऱ्यास्नी शिव्या देती."

मी त्यांच्यापाशी बसले. मग उठले आणि म्हणाले, "आज कुठली गाडी येणार नाही, मामा. उद्या येईल ती. चला."

मी त्यांच्याबरोबर गेले नाही. ते एकटेच टेपच्या कडेने चालत गेले, एक हात भिंतीला लावून, आणि अंधारात दिसेनासे झाले. दाराची कडी वाजली. म्हणजे त्यांनी डबी सोडवून हातात घेतली होती. नालीतला टेप जरासा थरथरला. मी आजीशेजारी होते. आजी कशासाठी तरी वाकून चांगला कान भोकाला लावून बसली होती.

"शून्य?" मामा ओरडले. आवाज मोठ्या माणसाचा नव्हता.

मग माझ्या गुडघ्यापाशी, भोकातून, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, कुणीतरी म्हणालं, "शून्य."

आजी हलली नाही. तिचा चेहरा मला बॅटरीच्या उजेडात दिसत होता. त्यावर भीती नव्हती, रडू नव्हतं. शाळेतून उशिरा आलेल्या पोरीकडे आई बघते, तसं तिने त्या भिंतीकडे पाहिलं.

"घसा बसलाय पोरीचा," ती म्हणाली. "ईरा, कुनी पानी दिलं न्हाई रं हिला."

आणि तिने तांब्या भोकात तिरपा धरला. सगळं पाणी आत ओतलं. मी कान देऊन ऐकत होते. पाणी फरशीवर पडल्याचा आवाज आला नाही.

"शहाण्णव फूट," मामा लांबून म्हणाले आणि थांबले. "चार इंच."

"शहाण्णव फूट चार इंच." या वेळी आवाज स्वच्छ होता.

"सोड, गवरे. मी हितंच हाय. कुटं गेलो न्हाई. सोड आता."

टेपचा ताण गेला. तो नालीत सैल पडला, आणि मग मामांनी डबीची मूठ फिरवायला सुरुवात केली तशी कडी भोकातून हळूहळू बाहेर आली. चुन्याने पांढरी झाली होती. पितळी कडीत दोरीचा एक फास अडकलेला होता. जुना, कुजलेला, खाली गाठ मारलेला आणि त्या गाठीपाशी तुटलेला. एवढा लहान की माझी तीन बोटंही त्यात गेली नसती. मी कडी उचलली नाही. ती फरशीवरून घसरत अंधारात मामांकडे गेली, आणि बऱ्याच वेळाने मामांचं रडणं ऐकू आलं.

आजी म्हणाली, "रडू दे. लई दिस झालं." मग माझ्या खांद्याला धरून उठली आणि तिने मला विचारलं, "तूच मोजलीस न्हवं जागा? लिवून ठिव बाई बरुबर."

मला तेव्हा जी शरम वाटली तशी नंतर कधी वाटली नाही. रविवारी दुपारी मी कुलूप उघडून ऑफिसात गेले. ब्लेडने त्या तिरप्या रेघा एकेक खरवडून काढल्या. कागद जागोजागी पातळ झाला. त्या जागी चौकोन काढला आणि लिहिलं, 'खोली, अकरा फूट. दार बुजवलेले. दफनाची शक्यता.' साहेबांची सही खाली होतीच. सोमवारी दहाला नगरपालिकेच्या खिडकीवर नकाशा दिला आणि पोचेवर शिक्का मारून घेतला. साहेबांना साडेअकराला कळलं. बाराला माझी नोकरी गेली आणि सव्वाबाराला मामांची.

पुढचं गावाला माहीत आहे. तहसीलदार आले, पंच आले, जेसीबी दोन महिने फाटकाबाहेर उभा राहिला. कमान उघडली तेव्हा आत चुना होता आणि चुन्याखाली लहान लहान तेवीस सांगाडे. बावीस आडवे होते. एक पलीकडच्या टोकाच्या भिंतीला पाठ लावून, भोकाकडे तोंड करून बसलेला. पंचनाम्यात लिहिलं आहे की त्या सांगाड्याजवळची फरशी ओली होती. गावाने सगळ्यांना नदीकाठी नीट पुरलं. मामा बघायला गेले नाहीत. "आता तितं कोन हाय?" म्हणाले. दोरीचा फास त्यांनी आणि आजीने आपल्या परड्यात पुरला, गल्लीच्या भिंतीपाशी. आजी त्याच पावसाळ्यात गेली. तिने शेजाऱ्यांना शिव्या देणं बंद केलं होतं, म्हणजे मामांनी तिला सांगितलं असणार.

निरामय पार्कच्या तीन इमारतींऐवजी अडीच झाल्या. त्या टोकाला आता छोटी बाग आहे, बाक आहेत. तिथे राहणाऱ्या लोकांना यातलं काही माहीत नाही, आणि असायचं कारणही नाही.

आम्ही दोघांनी मिळून मोजणीचं स्वतंत्र काम सुरू केलं. पहिलं काम एका तांदळाच्या गिरणीचं होतं. लांबच लांब गोदाम, चांगला उजेड. मी सवयीने डबी घेतली. मामांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कडी माझ्याकडे दिली.

"बाई, आज तुमी शून्य धरा."

मी गेले, कडी भिंतीला टेकवली. दुसऱ्या टोकाला मामा डबी घेऊन उभे होते.

"शून्य?"

"शून्य."

त्यांनी आकडा वाचला. मी तो उलट म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते घाईघाईने, जवळजवळ ओरडूनच म्हणाले, "सोडा, बाई, सोडा!"